श्रावणातली चढण : बेळगाव-निपाणी पट्ट्यातील पावसाळी डोंगरयात्रा

धर्मशास्त्राने पावसाळ्याचे चार महिने प्रवासासाठी नव्हे, तर एका ठिकाणी स्थिर राहण्यासाठी राखून ठेवले आहेत. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात संन्याशाने गाव सोडू नये हा नियम जुना असून, जैन मुनींचा वर्षायोग, म्हणजे पावसाळ्यातील एकाच जागी केलेला मुक्काम, हाही त्याच विचाराचा आहे. ओल्या जमिनीवर वाढणारे सूक्ष्म जीव पायाखाली येऊ नयेत आणि फुगलेल्या नद्या ओलांडण्याचा प्रसंग येऊ नये, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. असे असूनही बेळगाव आणि निपाणीच्या परिसरातील गृहस्थाने डोंगर चढण्यासाठी निवडलेला महिना श्रावणच आहे. या विरोधाची उकल शास्त्रग्रंथांत शोधण्यापेक्षा शेतीच्या कामांत आणि नद्यांच्या पात्रांत शोधावी लागते, कारण शास्त्राचा नियम भिक्षेवर फिरणाऱ्याला उद्देशून होता, तर शेतकऱ्याची यात्रा ही मुळात कामाच्या दोन पाळ्यांमधली, घरी लवकर परतायची यात्रा होती.

या भागातील मोठ्या यात्रांनी पाऊस टाळलेला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरील मोठी गर्दी मार्गशीर्षात होते आणि कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर, म्हणजेच जोतिबाच्या डोंगरावर, मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. तेव्हा पिके घरात आलेली, वाटा कोरड्या आणि बैल मोकळे असतात. म्हणूनच उंच सासनकाठ्या (देवाच्या नावाने सजवून मिरवत नेण्याच्या मानाच्या काठ्या) घेऊन दूरदूरची गावे निघू शकतात आणि बेळगावहून बैलगाड्यांनी जोतिबाला जाण्याची प्रथा चैत्रातच रुजू शकली. श्रावणात निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात चाक रुतते. त्यामुळे पावसाळी यात्रेला गाडी नाही, काठी नाही, मुक्कामाचा मोठा सरंजाम नाही. ती पायांची आणि थोड्या शिदोरीची यात्रा आहे, आणि तिला मोठ्या यात्रेची लहान आवृत्ती समजणे चुकीचे ठरेल.

जोतिबाच्या डोंगरावरील श्रावण शुद्ध षष्ठीची यात्रा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ही यात्रा चोपडाई देवीची यात्रा म्हणून ओळखली जाते. उत्तरेकडून महालक्ष्मीच्या साहाय्याला आलेल्या केदारनाथाने, म्हणजे जोतिबाने, रत्नासुराचा वध केला अशी कथा असून रत्नागिरी हे डोंगराचे नावही तिच्याशी जोडले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० फूट उंचीवरच्या या देवळांचा आजचा आकार मात्र अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील मराठा सरदारांनी दिलेला आहे. मुंबई इलाख्याच्या १८८६ सालच्या कोल्हापूर गॅझेटिअरनुसार मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० साली जुन्या देवळाच्या जागी बांधले, चोपडाईचे मंदिर प्रीतिराव हिंमतबहादूर यांनी १७५० साली उभारले, आणि केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंद्यांनी १८०८ साली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी कुलदैवतावर केलेला हा खर्च इतिहासग्रंथांत सहज नोंदला गेला, पण त्याच देवळाच्या पायऱ्या षष्ठीच्या पावसात चढणाऱ्या कुणब्याची नोंद कोणत्याही दप्तराने ठेवली नाही, ही या विषयाच्या अभ्यासातील खरी उणीव आहे.

षष्ठीचा दिवस शेतकऱ्याला का सोयीचा, हे तिथीवरून उघड होते. ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येते, आणि पंचमीला जमीन नांगरू नये, खणू नये, काही चिरू नये हा दंडक मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषकांच्या घरांत पाळला जातो. सक्तीच्या या विसाव्याला लागूनच यात्रा आल्याने कामाचा दिवस फारसा मोडत नाही. बेळगावच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यात तोपर्यंत रोप लावणीचा मुख्य भर ओसरलेला असतो आणि भांगलण, म्हणजे तण काढण्याचे काम, थोडे पुढे ढकलता येते. निपाणीच्या तंबाखूच्या रानात रोपांची लागण साधारणपणे याच सुमारास आणि त्यानंतर होत असल्याने तिथला शेतकरी तर लागणीच्या तोंडावर देवदर्शन उरकतो. सीमाभागात बैलांचा सणही दोनदा होतो (कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, महाराष्ट्रातला बेंदूर आषाढात), म्हणजे जनावरांचा विसावा आधी आणि माणसांचा नंतर असा क्रम येथील पंचांगात बसलेला दिसतो. आषाढात खांद्यावरचे जू उतरलेल्या बैलाची पूजा करणारे घर श्रावणात स्वतःच्या पायांना डोंगर दाखवते, हे या पट्ट्याच्या धर्मजीवनातील अतिशय सुंदर अंग आहे.

चढण मात्र सोपी नव्हती. डांबरी रस्ते आणि एस. टी. गाड्या येण्यापूर्वी बेळगावहून षष्ठीला निघणाऱ्याला घटप्रभा, संकेश्वरजवळ हिरण्यकेशी, निपाणीच्या उत्तरेस यमगर्णीजवळ वेदगंगा, पुढे दूधगंगा आणि शेवटी कोल्हापूरला पंचगंगा, अशा पाच नद्या ऐन पुराच्या दिवसांत ओलांडाव्या लागत. नाव नसेल तिथे गूळ शिजवण्याची लोखंडी काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसे पार नेण्याची रीत कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात होती. कोल्हापूरच्या पंचगंगेवरील पूल १८७८ साली पूर्ण झाल्यावर पन्हाळा-जोतिबाकडचा शेवटचा मोठा अडथळा बराच कमी झाला. अंगावर घोंगडीची खोळ, म्हणजे एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घेतलेली घोंगडी, किंवा बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले इरले, पाय अनवाणी, आणि कमरेला गुलाल-खोबऱ्याची पुरचुंडी, एवढे साहित्य यात्रेला पुरे असे. घोंगडी भिजली की जड होते, पण ऊब देत राहते. धनगरांनी विणलेल्या या वस्त्रावाचून पावसाळी यात्रेची कल्पनाच करता येत नाही.

इतका लांबचा प्रवास ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी जवळचे डोंगर होते. निपाणी तालुक्यातील आडी गावचा मल्लय्याचा डोंगर श्रावणी सोमवारी फुलतो. मराठी भाविक तेथील देवाला मल्लिकार्जुन म्हणतो, कन्नड भाविक मल्लय्या, आणि चढणारी वाट एकच असते. बेळगावकरांसाठी असा डोंगर म्हणजे देवरवाडीचा वैजनाथ. वैजनाथ आणि आरोग्यभवानी यांची दगडी मंदिरे जवळजवळ असलेले हे स्थान महिपाळगडाच्या कुशीत आहे आणि श्रावणी सोमवारी शहरातून हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी या वाटेने तिथे लोक जातात. गावाच्या नावातच दोन भाषा नांदतात, कारण ‘देवर’ हा कन्नड शब्द ‘देवाचा’ या अर्थाचा असून ‘वाडी’ मराठी आहे. चंदगडच्या या डोंगररांगेत पाऊस बेळगाव शहरापेक्षा पुष्कळ अधिक पडतो, त्यामुळे शहरातून झिमझिम पावसात निघालेला माणूस वर पोहोचेपर्यंत धुक्यात शिरलेला असतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने या वाटेवर रेषा ओढली. तोपर्यंत मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला; मात्र त्यातून चंदगड तालुका वगळून तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. परिणामी बाची कर्नाटकात, शेजारची शिनोळी महाराष्ट्रात, आणि बेळगावकराचा श्रावणी सोमवारचा डोंगर दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. निपाणीकराचा जोतिबाही सीमेपलीकडे गेला. सीमाप्रश्नावर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला आणि वाद आजही न्यायालयात आहे. या संपूर्ण काळात भाषेच्या आकडेवारीची आणि खेड्यांच्या याद्यांची चर्चा झाली, परंतु कोणते गाव कोणता डोंगर चढते हा पुरावा क्वचितच मांडला गेला. भाषिक नाते दाखवणारा तो दुबळा पुरावा असेल, कारण डोंगरावर दोन्ही भाषा बोलणारे येतात. तथापि लोकजीवनाची एकसंधता दाखवणारा तो सर्वांत बळकट पुरावा आहे, हे मान्य करावे लागेल. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने चालत असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंचा श्रावण एकच असतो, तर उत्तर भारतातील कावडयात्रेचा श्रावण त्याआधी पंधरा दिवस सुरू झालेला असतो.

तिथी ठरलेली असली तरी पाऊस ठरलेला नसतो. २०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला, श्रावणाच्या पहिल्या सोमवारीच आली, आणि षष्ठीच्या त्याच आठवड्यात वेदगंगा आणि पंचगंगेच्या पुराने यमगर्णी आणि शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग बंद पाडला. काहिलीच्या काळातील अडचण चौपदरी रस्त्यावर पुन्हा उभी राहिली. चार वर्षांनी, २०२३ साली, अधिक श्रावण आल्यामुळे यात्रा निज श्रावणात सरकली, पंचमी २१ ऑगस्टला पडली, आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातील सर्वांत कोरडा ठरला. त्या षष्ठीला डोंगर चढणाऱ्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे नदीच्या पुराचे नव्हते. पाठीमागे रानात पीक वाळत होते आणि त्याला देवाकडे पाऊस मागायचा होता.