तीन महिन्यांचं गुपित

आमच्या घरात सून गरोदर असल्याची बातमी तीन महिने उंबऱ्याबाहेर जात नाही. नजर लागते म्हणून, आणि गर्भ टिकला नाही तर चार तोंडांना उत्तरं द्यायला नकोत म्हणून. अम्मी म्हणायची, ‘‘अभी किसीको बोलनेका नहीं.’’ शेजारच्या वाड्यातही हाच रिवाज होता. तिथं हेच मराठीत सांगत, एवढाच फरक. सातव्या महिन्यात मात्र गुपित उरत नसे. त्यांच्याकडे डोहाळजेवण, आमच्याकडे सातवासा. हिरव्या बांगड्या, फुलांच्या माळा आणि दोन्हीकडे भरपूर गोडधोड.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते गरोदरपणातल्या मधुमेहाविषयी, म्हणजे या तीन आणि सातविषयी. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या आजाराचा इतिहास मी वाचत गेलो, त्याला कारण माझी आपा.

मेहकर तालुक्यातलं आमचं गाव. आपाचं दुसरं बाळंतपण १९८३ सालचं, तेव्हा मी बारा वर्षांचा. मूल अंगानं एवढं मोठं, की खांद्याशी अडलं. दाईनं कसंबसं सोडवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘‘पैलवान आया है!’’ घरात पेढे वाटले. तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. नवव्या महिन्यापर्यंत बाळ हालत होतं आणि एका सकाळी हालायचं थांबलं. नजर लागली, असंच सगळे म्हणाले. आपा बेचाळीस वर्षांची झाली तेव्हा तिला मधुमेह निघाला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘‘बाळंतपणात एखादं मूल फार वजनदार होतं का? एखादं पोटात गेलं होतं का?’’ आपा माझ्याकडे पाहत राहिली. सोळा वर्षांपूर्वीचा प्रश्न तिला त्या दिवशी कळला.

मधुमेह आपल्याला नवा नाही. लघवी मधासारखी गोड होते, हे सुश्रुताच्या परंपरेला ठाऊक होतं. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्येही या रोगाचं वर्णन आहे. पण गरोदरपणी उद्भवणारा आणि बाळंतपणानंतर नाहीसा होणारा मधुमेह हा प्रकार कागदावर आला तो १८२४ साली, बर्लिनमध्ये. हाइन्रिख बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरानं आपल्या प्रबंधात एका बावीस वर्षांच्या बाईची हकिगत लिहिली. पाचवी खेप. सातव्या महिन्यात तहान भागेना, लघवीत साखर. बाळ बारा पौंडांचं, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचं. ते जन्मतानाच गेलं. त्यानंतर आईच्या लघवीतली साखरही गेली. हे वाचलं तेव्हा मला बर्लिन दिसलं नाही, आमची पडवी दिसली.

असं का होतं? याला कारण वार. गर्भाला पोसणारी ही वार काही संप्रेरकं सोडते. त्यांच्यामुळे आईचं इन्सुलिन पूर्वीइतकं परिणामकारक राहत नाही. साधारण पाचव्या महिन्यापासून हा जोर वाढतो. स्वादुपिंडानं जास्त इन्सुलिन तयार केलं तर निभावतं, नाहीतर रक्तातली साखर चढते. साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळच स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवत सुटतं. कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही उकल मांडली. ज्याला आपण बाळसं म्हणून मिरवतो, ते कधी कधी हे असतं. आणि आईला बहुधा काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. तपासलं नाही तर कळतच नाही.

तपासायचं कसं, हे पक्कं व्हायला १९६४ साल उजाडलं. बॉस्टनमध्ये जॉन ओसलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ बाई, या दोघांनी ७५२ गरोदर स्त्रियांना ग्लुकोजचं पाणी पाजून रक्तातली साखर पुन्हा पुन्हा मोजली आणि धोक्याची रेषा आखली. गंमत अशी की ही रेषा बाळासाठी नव्हतीच. कोणत्या आईला पुढे कायमचा मधुमेह होईल, हे ओळखण्यासाठी होती. बाळाच्या बाजूचा मोठा पुरावा थेट २००८ साली आला. नऊ देशांतल्या तेवीस हजारांवर गर्भवतींच्या अभ्यासात दिसलं, की आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळाचा धोका वाढत जातो. मध्ये अशी एकही पायरी नाही की तिच्या अलीकडे सगळं सुखरूप.

ही तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत करायची, असा प्रघात पडला. म्हणजे नेमका आपला सातव्या महिन्याचा सुमार. ओटीत पेढे पडतात तेव्हाच प्रयोगशाळेत साखर मोजायची.

आता पुण्याकडे येऊ. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण आपली बाळं वजनात कमी असली तरी अंगावरची चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण जन्मतःच आलेली. मला या अभ्यासानं हलवलं. आपा काही लठ्ठ नव्हती. डोक्यावर भारा घेऊन शिवारातून येणारी बाई. तिला हा श्रीमंतांचा रोग कसा, हे कोडं मला फार दिवस छळत होतं. उत्तर कदाचित अम्मीच्या पोटात असताना, एखाद्या टंचाईच्या सालात पडलेलं असेल.

मग सातव्या महिन्यापर्यंत थांबायचं कशाला? चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी भारतीय बाईला झेपेल अशी रीत रुजवली. उपाशीपोटी येण्याची अट नाही. जेवून आली असली तरी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेह धरायचा. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं, की ती येत नाही. हे ज्याला कळलं त्याला मी मोठा मानतो. केंद्र सरकारनं हीच रीत मार्गदर्शक सूचनांत घेतली, २०१८ साली त्या सुधारल्या. पहिल्या भेटीतच तपासणी आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा एकदा.

त्याही पुढे जाऊन, पहिल्या तिमाहीतल्या रक्तावरून पुढचं भाकीत करायचा खटाटोप जगभर चालू आहे. चरबीच्या पेशींतून येणारं अॅडिपोनेक्टिन नावाचं प्रथिन, हा मधुमेह पुढे होणाऱ्या बायकांत आधीपासूनच कमी आढळतं. दुसरी तपासणी एचबीए-वन-सी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तिच्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. भारत, केनिया आणि ब्रिटनमधल्या गर्भवतींवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ही तपासणी, वय, वजन-उंचीचं प्रमाण आणि घराण्यातला मधुमेह एकत्र धरला, तर निम्म्याएक बायकांची पुढची ग्लुकोज पिण्याची कटकट वाचेल, असं त्यातून निघालं.

पण आपल्याकडे एक मेख आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक गर्भवतींच्या अंगात रक्त कमी होतं. लोह कमी असलं की एचबीए-वन-सी खोटी वाढलेली दिसू शकते. गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलतात म्हणून ती खरी असते त्याहून कमीही दिसते. एकाच तपासणीवर भरवसा ठेवू नये तो यासाठी. आणि लवकर ओळखून लवकर उपचार केले तर किती फायदा? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, विसाव्या आठवड्याआधी उपचार सुरू केलेल्यांच्या बाळांना त्रास कमी झाला, पण बेताचाच. मला हा प्रामाणिक निष्कर्ष आवडला. जादू नाही, पण चार-दोन घरांतलं रडू वाचतं.

उपाय तरी काय असतो? बहुतेकींना ताटात बदल आणि रोजचं चालणं पुरतं. काहींना गोळ्या किंवा इन्सुलिन लागतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सात पट असतो. आपाला त्या सोळा वर्षांत कुणी तपासलं असतं तर... असो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात. सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मल्या. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची खास तपासणी असते, २०१६ पासून. यंत्र आहे, पुडी आहे, आशाताई दारापर्यंत येतात. पण आशाताईंना आपण सांगतो कधी? चौथा लागल्यावर. पहिल्या तिमाहीतल्या रक्तात काय लिहिलंय ते वाचायची विद्या आली आणि नेमकी ती पानं आपण लपवून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सुनेला दिवस राहिले. आठवा आठवडा होता. माझी बायको दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘इतक्यात नको, थोडं थांबू.’’ आपा भेटायला आली होती. ती काही बोलली नाही, उठून चप्पल घातली आणि सुनेला म्हणाली, ‘‘चल बेटी.’’

दवाखान्यात सुनेनं ते ग्लुकोजचं पाणी तोंड वाकडं करत संपवलं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सारं उद्यावर जाणार होतं, म्हणून आपा तिची पाठ चोळत बाकावर बसून राहिली. दोन तासांनी आकडा आला, ११८. नर्सबाईंनी कार्डावर पुढची तारीख घातली, सहाव्या महिन्याच्या अखेरची. आपानं ती मला दोनदा वाचायला लावली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली.