नाकाचं मोल

डोळे गेले की आंधळेपण, कान गेले की बहिरेपण. वास गेला की मात्र ‘सर्दी असेल, होईल बरी’. सांगलीत कान-नाक-घशाचे पेशंट तपासताना असं सांगून परत पाठवलेली माणसं मला सतत भेटतात. ही बेफिकिरी जुनी आहे. तिचा इतिहास पाहायचा तर १९३७ साल काढावं.

त्या वर्षी १८ मार्चला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेच्या इमारतीखाली साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. ३०० च्या आसपास माणसं दगावली, बहुतेक शाळकरी मुलं. वायूला वास नव्हता, त्यामुळे गळती कुणाला कळलीच नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच तिथे वायूत उग्र वासाचं रसायन मिसळायचा कायदा झाला. आपल्या सिलिंडरमध्ये मरकॅप्टन घालतात ते याचसाठी.

त्याच सालच्या सप्टेंबरात कॅनडातल्या टोरांटोत डॉक्टर मुलांचा वास मुद्दाम घालवत होते. पोलिओची साथ पेटली होती. माकडांवरच्या प्रयोगांवरून समज असा झाला होता, की विषाणू नाकातून, वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत शिरतो. मग ही वाटच बंद करायची! लांब नळीचा फवारा नाकात पार वरपर्यंत सारून झिंक सल्फेट मारलं जाई. वास गेला, म्हणजे औषध जागेवर पोचलं. सुमारे ५,००० मुलांना हे फवारे दिले गेले. पोलिओ थांबला नाही. काही मुलांचा वास मात्र परत आलाच नाही. विषाणूची खरी वाट तोंडावाटे आतड्यात जाते, हे पुढे सिद्ध झालं.

तरी धडा पुरता गिरवला गेला नाही. सर्दीसाठी नाकात घालायच्या जस्ताच्या जेलने वास जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००९ मध्ये द्यावा लागला.

योगायोग असा, की वास परत आणायची साधी वाटही त्याच वर्षी छापून आली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी पेशंटना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे हुंगायला दिले. काही जणांची घ्राणशक्ती सुधारली. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, त्यामुळे हे शक्य होतं. कोविडनंतर हा व्यायाम जगभर पोचला.

माझ्याकडे कांडपावर मसाला करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, खोबरं खमंग भाजलं का करपलं, सुनेला विचारावं लागतंय.’’ त्यांना चार बरण्या करायला सांगितल्या. काही आठवड्यांनी लवंग आधी जळक्या रबरासारखी लागली. त्या घाबरल्या, मला बरं वाटलं. नव्या पेशींची जोडणी होताना वास असे वेडेवाकडे येतात. पुढे लवंग लवंगेसारखी येऊ लागली. धण्याचा वास अजून पुरता आलेला नाही.

सगळ्यांचा वास परततो असं नाही. विषाणूमुळे गेलेला बऱ्याचदा येतो. डोक्याला मार लागून मज्जातंतू तुटले असतील तर आशा कमी. म्हणून सर्दी ओसरूनही दोन-तीन आठवड्यांत वास आला नाही, तर अंगावर काढू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मनाने नाकात काहीही घालू नका.