दिनविशेष : ११ ऑक्टोबर

१९४६ : संगणकतज्ज्ञ डॉ. विजय भटकर यांचा मुरंबा (जि. अकोला) येथे जन्म. भारताला मोठा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये भटकरांच्या चमूने ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. त्यासाठी खास चिप घडवली नव्हती. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे तयार ट्रान्सप्युटर प्रोसेसर घेतले होते. प्रत्येकाला चार जोडण्या. त्यांतून शेजाऱ्यांशी बोलायचे नि एकच गणित सगळ्यांनी वाटून घ्यायचे. पुढे अमेरिकी हवाई दलाने तयार भाग जोडण्याचा हाच मार्ग धरला, तोही चक्क पोरांच्या व्हिडिओ गेमवर! २०१० मध्ये १,७०० हून अधिक प्लेस्टेशन-३ जोडून त्यांनी ‘काँडॉर’ महासंगणक उभारला. डॉ. भटकरांना २०१५ मध्ये पद्मभूषण मिळाले.