हातसंगणकांवरील मुक्त परिचालन प्रणाली

एका हातात धरता येणाऱ्या संगणकावर उत्पादकाने घातलेल्या मूळ परिचालन प्रणालीऐवजी मुक्त-स्रोत परिचालन प्रणाली बसवून तो वापरात ठेवण्याची पद्धती. संगणकाचे भाग सुस्थितीत असता केवळ आज्ञावली कालबाह्य झाली म्हणून तो टाकून द्यावा लागू नये, हा तिचा प्रमुख हेतू होय. आज्ञावलीचा मूळ पाठ खुला असणे हे यंत्राच्या दीर्घायुष्यास किती आवश्यक आहे, ते या पद्धतीच्या इतिहासावरून दिसून येते.

इतिहास : न्यूटन (१९९३), पायलट (१९९६), सायन मालिका ५ (१९९७) इ. सुरुवातीच्या हातसंगणकांच्या प्रणालींचा मूळ पाठ कंपन्यांच्याच ताब्यात होता. त्यामुळे उत्पादन थांबले की सुधारणाही थांबत. लीनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा गाभा मात्र कोणालाही वाचता व बदलता येण्यासारखा होता. कॉम्पॅक कंपनीच्या आयपॅक (२०००) या हातसंगणकात २०६ मेगॅहर्ट्‌झचा प्रक्रियक व ३२ मेगॅबाइट स्मृती होती. मूळच्या विंडोज सीई प्रणालीच्या जागी त्यावर लिनक्स बसविण्यात आला व त्यातून ‘फॅमिलिअर’ हे वितरण तयार झाले. भारतात बंगलोर येथे २००१ मध्ये सादर झालेल्या ‘सिंप्यूटर’ या स्वस्त हातसंगणकात आरंभापासूनच लिनक्स होता. जुन्या भ्रमणध्वनींना सुमारे दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, या उद्देशाने ‘पोस्टमार्केटओएस’ हा प्रकल्प २०१७ मध्ये जाहीर झाला.

महाराष्ट्रातील या संदर्भातील उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे (आयआयटी मुंबई) ‘आकाश’ पाटी-संगणकावरील कार्य होय. ‘आकाश’ची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाली. तीत १ गिगॅहर्ट्‌झचा ऑलविनर ए१३ प्रक्रियक, ५१२ मेगॅबाइट स्मृती, सात इंची पडदा व अँड्रॉइड ४.० प्रणाली होती. पवईच्या अभियंत्यांनी तिच्यावर लिनक्सचे संपूर्ण वितरण चालवून दाखविले व त्यामागील आज्ञावली खुली ठेवली. त्यामुळे केवळ वाचनासाठी व चित्रफिती पाहण्यासाठी उपयोगी वाटणारी पाटी आज्ञावली लिहिण्यासही वापरता येऊ लागली.

कार्यपद्धती : ए१३ प्रक्रियक सुरू होताच प्रथम एसडी कार्डावर आरंभक आज्ञावली शोधतो व ती न सापडल्यास अंतर्गत स्मृतीकडे वळतो. म्हणून कार्डावर आरंभक आज्ञावली, गाभा व फायलींची रचना ठेवली की नवी प्रणाली सुरू होते. कार्ड काढताच मूळ अँड्रॉइड पूर्ववत् मिळते. यंत्राच्या अंतर्गत स्मृतीस हात लावावा लागत नाही. पडदा, स्पर्शफलक, बिनतारी जोडणी इ. प्रत्येक भागासाठी मात्र स्वतंत्र चालक आज्ञावली लागते आणि खरी अडचण येथेच उद्‌भवते.

मर्यादा : चालक आज्ञावलीचा मूळ पाठ बंद असल्यास यंत्र जुन्याच गाभ्याला जखडले जाते. ए१३ मधील माली-४०० या चित्र-प्रक्रियकाबाबत असेच घडले. बाहेरून अभ्यास करून लिहिलेली ‘लिमा’ ही मुक्त चालक आज्ञावली २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीत समाविष्ट झाली, तोवर ‘आकाश’च्या सादरीकरणास सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. खुला पाठही कोणी सांभाळला तरच टिकतो : लिनक्सच्या ६.३ आवृत्तीतून (२०२३) वापरात नसल्याचे मानलेल्या अनेक जुन्या एआरएम यंत्रांचा आधार काढून टाकण्यात आला. क्षीण झालेली विद्युत् घटमाला व अपुरी स्मृती यांवर आज्ञावलीचा उपाय चालत नाही.

महत्त्व : जुन्या बंद यंत्रावर देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसल्यास वापरणाऱ्याला इलाज नसे. मुक्त प्रणालीत ‘लोहित’सारखा टंकसंच व अक्षरजुळणीची आज्ञावली मागाहून घालता येते. सार्वजनिक निधीतून विद्यार्थ्यांसाठी मोठ्या संख्येने यंत्रे खरेदी करताना किमतीइतकाच चालक आज्ञावलींच्या मूळ पाठाचाही विचार व्हावयास हवा, कारण पुरवठादाराने अंग काढून घेतल्यावर ती यंत्रे दुरुस्त करणे त्या पाठामुळेच शक्य होते.