फाडा, भरा, सही करा

१९६५ साली अमेरिकेत ‘हाउ टु अव्हॉइड प्रोबेट!’ हे जाडजूड पुस्तक आले आणि पुढच्या वर्षी खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. लेखक नॉर्मन डेसी कनेक्टिकटचे. लोकांच्या संपत्तीचे नियोजन करून देणारे, पण वकील नव्हेत. पुस्तकात मजकूर थोडा, बाकी सगळे दस्तांचे कोरे नमुने.

प्रोबेट म्हणजे माणूस गेल्यावर मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करणे; त्यात हेलपाटे आणि भरभक्कम फी. ते टाळायला डेसींनी ट्रस्टची वाट दाखवली. हयातीतच मालमत्तेचा ट्रस्ट करायचा, विश्वस्त आपणच, आणि आपल्या पश्चात ती कोणाला जायची तेही त्यातच लिहून ठेवायचे. वकील असे दस्त आपल्या अशिलांना करून देतच होते. डेसींनी ते पुस्तकाच्या किमतीत घरोघर पोचवले.

वकील संघटना खवळल्या. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये डेसींच्या विरोधात निकाल दिला: गिऱ्हाइकांचे दस्त स्वतः तयार करून देणे म्हणजे विनापरवाना वकिली. न्यूयॉर्कमध्ये मात्र वाद नुसत्या पुस्तकाचा होता. खालच्या न्यायालयांनी तेही बेकायदा ठरवले. अपिलात न्यायमूर्ती स्टीव्हन्स एकटे वेगळ्या मताचे निघाले. पुस्तक सगळ्यांसाठी असते, त्यात कोणा एकाला सल्ला दिलेला नसतो, असे त्यांचे म्हणणे. १९६७ च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य करून डेसींना सोडवले. योग्यच केले, कायद्याची भाषा कोणाची मिरास नव्हे.

पण स्टीव्हन्स यांच्या याच मुद्द्यात वाचणाऱ्याची जोखीमही आहे. घराचेच घ्या. ट्रस्टच्या कागदावर सही झाली तरी घर जुन्याच नावावर राहते. ते दुसऱ्या दस्ताने स्वतःकडून स्वतःकडेच, विश्वस्त या नात्याने, सोपवावे लागते आणि तो दस्त जमिनीच्या दप्तरात नोंदवावा लागतो. डेसींनी त्याचाही नमुना दिला होता. एवढे राहून गेले, तर ट्रस्ट रिकामा आणि घर कोर्टाच्या दारात. वकील निदान विचारतो, ‘नोंदणी झाली का?’ कोरा नमुना विचारत नाही.

वाट मात्र मोकळी झाली होती. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत दोन वकिलांनीच नोलो प्रेस काढली आणि घटस्फोटाचे कागद स्वतः कसे करावेत, याचे पुस्तक छापले. १९९९ मध्ये टेक्सासमधल्या एका संघीय न्यायालयाने दस्त बनवणाऱ्या ‘क्विकन फॅमिली लॉयर’ या सॉफ्टवेअरवर बंदी घातली, तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलून ती निष्प्रभ केली. अशी पुस्तके आणि सॉफ्टवेअर खुशाल विका; फक्त हा वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही, असे त्यावर ठळक लिहा, एवढीच अट घातली.