दीड किलोमीटर तारेवरून आलेले ठोके

विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत एक अजस्र यंत्र उभं राहिलं. वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं आणि चुंबक तापू नयेत म्हणून सतत खेळवलेलं पाणी. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विलेम आइन्टहोवेन यांचा हा गॅल्व्हनोमीटर हृदयातला क्षीण विद्युतप्रवाह अचूक टिपत असे.

यंत्राचा सगळा जीव एका तंतूत होता. वितळलेलं क्वार्ट्‌झ बाणाला लावून तो बाण सोडायचा, की मागे केसाहूनही बारीक धागा ओढला जाई. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसवत. हृदयाच्या प्रवाहाने धागा थरथरला, की त्याची सावली सरकत्या फोटोप्लेटवर उमटे.

पण रुग्ण होते रुग्णालयात, दीड किलोमीटरवर.

अत्यवस्थ माणसाला उचलून आणणं धोक्याचं आणि यंत्र हलवणं अशक्य. आइन्टहोवेन यांनी टेलिफोनची तार वापरायचं ठरवलं. रुग्णाने रुग्णालयातच मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसायचं आणि आलेख निघायचा प्रयोगशाळेत. 22 मार्च 1905 रोजी असा पहिला आलेख निघाला, तोही एका धडधाकट माणसाचा. त्यातल्या ‘आर’ लहरी, म्हणजे प्रत्येक ठोक्याची टोकदार शिखरं, बऱ्याच उंच होत्या. तो माणूस प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकल मारत गेला होता, त्याचा हा परिणाम असावा असं मानलं गेलं.

मग खरे रुग्ण तपासले गेले. हृदयाचे जाड झालेले कप्पे, विस्कटलेली लय, वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणं, या साऱ्यांच्या खुणा आइन्टहोवेन यांच्या 1906 च्या शोधनिबंधात एकत्र आल्या. तोवर डॉक्टरांची भिस्त मुख्यतः नाडीवर आणि स्टेथोस्कोपवर होती. आता रोगाला नेमका आकार मिळाला. 1924 मध्ये आइन्टहोवेन यांना नोबेल मिळालं. लहरींना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही हृदयाच्या प्रत्येक आलेखात, म्हणजे ईसीजीत, वाचली जातात.

पुढे यंत्र आकसत गेलं, तार उपग्रहापर्यंत पोहोचली. आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा गावात 2000 साली भारतातल्या सुरुवातीच्या टेलिमेडिसिन केंद्रांपैकी एक सुरू झालं. आता ईसीजीचं यंत्र हातात मावतं. तालुक्याच्या दवाखान्यात छातीत कळ आलेल्या रुग्णाचा आलेख काढून मोबाइलवरून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवता येतो. झटका निश्चित झाला, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं आणि शहराच्या वाटेवर जाणारा मोलाचा वेळ वाचतो.