अग्निजन्य मुलखातील वाटाड्या

ज्यास लाव्हावरून पायी चालावयाचे असेल त्याने महाराष्ट्राकडे वळावे, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहून आलेला तो रस गोठून झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आजही पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापून आहे.

अशा मुलखात एकाने पुढे होऊन वाट दाखवावी आणि इतरांनी मागून चालत भूमीचे रूप न्याहाळावे, ही चाल आपल्याकडे दोन घराण्यांतून आली. पहिले घराणे जिज्ञासेचे, आणि त्याचे मूळ पीठ नेपल्सजवळचा व्हेसुव्हियस. १७६४ साली इंग्रजांचा वकील म्हणून नेपल्सच्या दरबारी रुजू झालेला विल्यम हॅमिल्टन त्या पर्वतावर वारंवार चढला, आणि बार्तोलोमेओ पुमो नावाचा जो स्थानिक वाटाड्या त्याच्यासोबत असे, त्याची आठवण त्याने आपल्या लेखनात कौतुकाने नमूद करून ठेवली. पुढे रेसिना गावच्या वाटाड्यांचा हा रीतसर धंदाच झाला. १७८७ साली ग्योटेसारखा कवीही व्हेसुव्हियसवर जाऊन आला. त्याच शतकात निकोला देमारे या फ्रेंच निरीक्षकाने ओव्हेर्न्य प्रांतातील पाषाणस्तंभ पाहून असा सिद्धांत मांडला की बेसॉल्ट हा अग्नीचा पुत्र आहे, जलाचा नव्हे. आणि तो मान्य होण्यास बराच वाद व्हावा लागला.

दुसरे घराणे वेठीचे. दख्खनच्या गावगाड्यात सरकारी अंमलदारास एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत वाट दाखवीत नेणे, त्याचे टपाल पोचवणे, त्याचा बोजा वाहणे ही कामे महार वतनदाराच्या माथी वंशपरंपरेने लादलेली होती, आणि त्यांचा मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचा तुकडा. पेशवाई गेली, कंपनी सरकार आले, १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला, तरी ही चाकरी सुटली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तिच्या सुधारणेचे विधेयक मांडले; पण कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात नाहीशी होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

ही दोन घराणी एकत्र आली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स यास दख्खनच्या मुलखाची आकडेवारी गोळा करण्याच्या कामी नेमले, आणि त्याने पिके, माणसे, पक्षी यांच्याबरोबरच येथील खडकांचेही वर्णन लिहून लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे ठेवले. डोंगरांचे कडे आणि माच्या एकावर एक पायऱ्यांप्रमाणे का रचल्या आहेत, हे या काळापासून शास्त्राच्या परिभाषेत बोलले जाऊ लागले. परंतु त्या कड्यांवर चढावे कोठून, हे ज्ञान पूर्वीप्रमाणेच गावाकडे राहिले.

शास्त्राने गावाचे हे ऋण नकळत एका रीतीने मान्य केले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सह्याद्रीतील लाव्हाथरांची रासायनिक छाननी होऊन जी क्रमवार वंशावळ सिद्ध झाली, तिच्यातील पिढ्यांची नावे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आहेत. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढणारा पांथस्थ ती वंशावळ पायांनी वाचीत जातो: कोठे दोन थरांमध्ये भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा, कोठे वायूच्या पोकळ्यांत जमलेली पांढरी स्फटिके, कोठे घट्ट कातळाचा उभा कडा. थंड होताना आकुंचन पावून लाव्हा कसा स्तंभाकार फुटतो याचे प्रात्यक्षिक मात्र मुंबईकराने अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर पाहावे. सुमारे ६१ मीटर उंचीचे ते स्तंभ इमारतींच्या गर्दीत उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.

आज शुल्क घेऊन, मर्यादित मंडळी जमवून, जाणत्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली अशा ठिकाणी पदभ्रमण घडवून आणण्याची प्रथा रूढ होत आहे, आणि तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु येथे जाणता कोणास म्हणावे, हा प्रश्न कुळकथेने आपल्यापुढे टाकला आहे. भर वैशाखात पाणी कोठे पाझरते हे सांगणाऱ्या डोंगरवासी माणसास दोन लाव्हाथरांचा सांधा ठाऊकच असतो, कारण वरच्या भेगाळ थरातून मुरलेले पाणी खालच्या अभेद्य थरावर अडून नेमके त्याच सांध्यातून बाहेर येते. त्याच्या ज्ञानात उणे असते ते एवढेच की त्या सांध्यामागची कारणपरंपरा त्यास कोणी सांगितलेली नसते. शहरातील पदवीधरास कड्यातली वाट शिकवण्यास अनेक पावसाळे लागतील, आणि त्या माणसास ही कारणपरंपरा समजावण्यास काही आठवडे पुरतील. म्हणून या नव्या प्रथेच्या चालकांनी प्रमुख मार्गदर्शकाची जागा त्यास द्यावी, शुल्कातील मोठा वाटा त्यास द्यावा, आणि पत्रकावर त्याचे नाव छापावे. वेठीच्या घराण्याचा हिशेब त्यावाचून पुरा होत नाही.